पत्र्यावरचा कागद

दोन महिने मी कोर्टाच्या नोटिशीची वाट बघत होते. लोक पाहुण्यांची वाट बघतात, पगाराची बघतात, माझं नशीबच असलं! बेल वाजली की मी धावत सुटायचे. दार उघडावं तर दूधवाला, नाहीतर समोरच्या ब्लॉकचं पार्सल घेऊन चुकून आमच्याकडे आलेला कोणीतरी. त्याच्यावर मी खेकसायचे, "नंबर वाचता येत नाही का?" तो बिचारा सॉरी म्हणून जायचा आणि मी दार लावून पुन्हा त्याच दाराकडे बघत बसायचे.

पोलीस स्टेशनातल्या साहेबांनी तसं नीट समजावलं होतं. "मुलगी अठराच्या आतली आहे. हे मोठ्यांच्या कोर्टात जात नाही, बाल न्याय मंडळात जातं. तुमच्या घरी नोटीस येईल. त्या तारखेला तुम्ही तिला घेऊन हजर व्हायचं. तोपर्यंत घरी न्या, नीट सांभाळा." एवढं बोलून त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "पत्ता?"

तिथेच माझी माती झाली. पण ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मुलगी म्हणजे माझी तेजल. सोळा वर्षांची, अकरावीला. ऑगस्टमध्ये तिने क्लासमधल्या गंधाली नावाच्या मुलीच्या कपाळावर पाण्याची स्टीलची बाटली मारली. भुवईच्या वर चार टाके पडले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. गंधालीच्या घरच्यांनी तक्रार केली. करणारच! माझ्या पोरीला कोणी मारलं असतं तर मी काय आरती ओवाळली असती?

"का मारलंस?" मी तेजलला त्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, रोज विचारलं. प्रेमाने विचारलं, एकदा कानाखाली देऊनही विचारलं. उत्तर एकच. "असंच."

"असंच कोण कोणाचं डोकं फोडतं गं?"

"राग आला, मारलं. तुला नाही येत राग?"

राग मला येतो, सगळ्या मुलुंडला माहीत आहे. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढते. सकाळी साडेपाचला बाहेर पडते, उपाशीपोटी बसलेल्या लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, आणि कोणी "ताई, हळू हं" असं तिसऱ्यांदा म्हणालं की माझं डोकं फिरतं. मुलुंड, नाहूर, भांडुप, कुठलीही बिल्डिंग सांगा, लिफ्ट बंद असली तरी मी पंधरा मिनिटांत दारात. दुसऱ्यांचे पत्ते शोधणं हाच माझा धंदा. आणि स्वतःचा पत्ता मी पोलिसांना सांगितला तो असा: खोली नंबर सात, प्रबुद्ध सोसायटी, मुलुंड.

प्रबुद्ध सोसायटी नावाचं आता जगात काही नाही. एक खड्डा आहे आणि खड्ड्याभोवती निळा पत्रा आहे. तीन वर्षांपूर्वी बिल्डरने नवी बिल्डिंग बांधतो म्हणून आम्हाला बाहेर काढलं, जुनी पाडली, खड्डा खणला आणि थांबला. आम्ही बावीस घरं इकडेतिकडे भाड्याने पांगलो. मी, तेजल आणि माझी सासू सोनूबाई नाहूरला एका वन रूम किचनमध्ये आलो.

मग तोच पत्ता का नाही दिला? विचारा ना, सगळे विचारतात. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी राजारामभाऊ. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना बजावून ठेवलेलं, "कुठल्याही सरकारी कागदावर भाड्याच्या घराचा पत्ता येता कामा नये. आधार, रेशन, बँक, सगळं मुलुंडच. एकदा का दुसरा पत्ता लागला, की बिल्डर म्हणणार हे लोक इथले नाहीतच." हे कायद्याने खरं की खोटं, आमच्यातल्या कोणी कधी वकिलाला विचारलं नाही. भीती बसली ती बसली. तीन वर्षांत माझ्या तोंडाला इतकी सवय झाली होती की झोपेतून उठवून विचारलं तरी मी खोली नंबर सातच सांगितलं असतं. पोलिसांनाही तेच सांगितलं, जरासुद्धा न अडखळता. फोन नंबर दिला तो जुन्या लॅबच्या मोबाईलचा. सप्टेंबरात मी लॅब बदलली, मोबाईल त्यांना परत केला, आणि पोलिसांना नवा नंबर कळवायचं मला सुचलंच नाही. डोकं ठिकाणावर होतं कुठे?

बरं, यातली निम्मी गंमत अजून सांगितलीच नाही. ती माझ्या सासूची.

सोनूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही अकोल्याकडचं. मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. अक्षरओळख नाही. खोली नंबर सात त्यांच्या नावावर. मिथुन, म्हणजे माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. कोविडमध्ये त्याच खोलीच्या दारातून तो ॲम्ब्युलन्समध्ये चढला आणि परत आला नाही. त्यामुळे त्या खोलीवर आईंचा जीव आहे. खोली उरली नाही तरी आहे. रोज सकाळी नाष्टा झाला की त्या बसने मुलुंडला जातात, पत्र्यासमोर बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकतात आणि दुपारपर्यंत तिथे बसून राहतात. मी चिडवायचे, "निघालात का ऑफिसला?" त्या म्हणायच्या, "मंग? तुहं ऑफिस हाय, माहं नको?"

ऑफिसात त्यांना काम एकच. पत्र्यावर कागद दिसला की फाडायचा.

हाही राजारामभाऊंचाच नियम. बिल्डरची माणसं यायची, पत्र्यावर नोटीस चिकटवायची, तिचा फोटो काढायची आणि पुढच्या मीटिंगला म्हणायची, "सर्व सभासदांना कळवलं होतं, कोणी हरकत घेतली नाही." एकदा असंच करून त्यांनी आमचं पार्किंग गिळलं. तेव्हापासून ठरलं, चिकटवलेला कागद टिकू द्यायचा नाही. पण फेकायचाही नाही, वकिलासाठी पुरावा म्हणून ठेवायचा. आई फाडायच्या आणि साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत जपून ठेवायच्या. वॉचमन ओरडला तर त्यालाही दोन शिव्या द्यायच्या. सगळी सोसायटी त्यांचं कौतुक करायची, मीसुद्धा.

तर त्या गुरुवारी सकाळी पावणेनऊला मी रक्ताच्या नळ्या लॅबला टाकून घरी आले. आईंना खोकला झाला होता म्हणून मी त्यांना ऑफिसला जाऊ दिलं नव्हतं. तेवढ्यात राजारामभाऊंचा फोन. "जय भीम वहिनी. आजींची ती पिशवी लागेल. वकिलाने कागद मागितलेत. जरा तारखेप्रमाणे लावून ठेवता का?"

मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि फरशीवर पिशवी उपडी केली. बिल्डरचं पत्र, बिल्डरचं पत्र, पाणी कनेक्शन, माती परीक्षण, बिल्डरचं पत्र. आणि मग एक अर्धा फाटलेला कागद. त्यावर गोल शिक्का होता आणि खाली हाताने लिहिलं होतं, 'तेजल मिथुन तायडे'.

मी घाईघाईने ढिगात हात घातला. दुसरा अर्धा शोधला. माझ्या किटमधली पांढरी चिकटपट्टी काढली, सुई काढल्यावर कापूस दाबून लावतो ती, आणि दोन्ही तुकडे जोडले. बाल न्याय मंडळाची नोटीस. 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे गुन्ह्यात अडकलेलं पोर. एवढा लांब शब्द, कुणासाठी, तर माझ्या तेजलसाठी. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. गेलेली.

पुन्हा ढीग उपसला. अजून एक निघाला, चार तुकड्यांत. तोही जोडला. दुसरी नोटीस. या तारखेसही पालक व बालक गैरहजर राहिल्यास बालकास पोलिसांमार्फत हजर करण्यात येईल. तारीख आजची. वेळ अकरा.

"आई!" मी किंचाळले. "हे काय केलंत तुम्ही?"

त्या स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं वं?"

"हा कागद कोणी फाडला?"

"म्याच फाडला. पत्र्यावर होता."

"तेजलच्या कोर्टाचा होता तो! दोन-दोन कागद फाडलेत! आता पोलीस येऊन तिला उचलून नेतील, कळतंय का तुम्हाला? त्या पत्र्यापायी माझी पोरगी घालवलीत!" आणि पुढे मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "नवरा त्या खोलीतून गेला, आता मुलगीपण जाऊ दे. तुम्ही बसा तिथे खुर्ची टाकून."

आई खाली बसल्या, जोडलेल्या कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "याच्यावर तिचं नाव हाय? कुठी हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बसायला वेळ नव्हता. तेजल कॉलेजला गेलेली. तीन फोन केले, उचलेना. मी साडी बदलली, उलटी नेसले, पुन्हा नेसले. आधारकार्ड, शाळेचा दाखला, जोडलेल्या नोटिसा, सगळं पर्समध्ये कोंबलं. बाहेर बघते तर आई चपला घालून दारात उभ्या, हातात ती पिशवी.

"तुम्ही कुठे?"

"कागद म्या फाडला. म्याच सांगन."

"तिथे काही सांगायचं नाही! गप्प बसायचं!" असं म्हणत मीच त्यांचा हात धरून रिक्षात बसवलं.

कॉलेजच्या गेटवर शिपायाशी भांडून तेजलला प्रॅक्टिकलमधून बाहेर काढलं. तिला काही सांगावं लागलं नाही, माझा चेहरा बघूनच ती गुपचूप रिक्षात बसली. हायवेला लागलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं. मी राजारामभाऊंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, एक लक्षात ठेवा. तिथे पत्ता विचारतील. मुलुंडच सांगा. कोर्टाच्या कागदावर नाहूर लागलं तर संपलं सगळं. एकीच्यामुळे बावीस घरं अडकायची."

"हो हो," म्हटलं आणि फोन ठेवला. घाटकोपरला सिग्नलवर रिक्षा थांबली की मला वाटायचं उतरून पळत सुटावं. तेजल नखं खात होती. मी तिच्या हातावर चापट मारली. "मम्मी, मला आत ठेवतील?" तिने विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज लहान मुलीसारखा आला.

"कोण ठेवतंय बघते," मी म्हटलं.

अकराला पाच कमी असताना पोचलो. लांब व्हरांडा, बाकं, बाकांवर आमच्यासारखीच माणसं. कुणाचा बाप मान खाली घालून, कुणाची आई डबा मांडीवर घेऊन. दर थोड्या वेळाने दार उघडायचं आणि नाव पुकारलं जायचं. साध्या शर्टातला एक माणूस आमच्यापुढे येऊन थांबला. "तायडे? तेजल तायडे? अहो, कुठे होता तुम्ही!"

तो हवालदार होता. पोरांच्या कोर्टात वर्दी घालून यायचं नसतं म्हणे. "दोन वेळा आलो मी मुलुंडला," तो म्हणाला. "बिल्डिंगच नाही. वॉचमन म्हणतो माहीत नाही. फोन केला तर कुठल्या तरी लॅबमध्ये लागतो. शेवटी पत्र्यावर नोटीस लावली, फोटो काढला आणि रिपोर्ट दिला."

"फोटो काढला?" आई एकदम म्हणाल्या. "बिल्डरवानीच!"

हवालदाराला काही कळलं नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, बरं झालं आलात. आज नसता आलात तर मला पोरीला शोधून आणायला लागलं असतं. आणि घराचा ठावठिकाणा नाही म्हटल्यावर मंडळाच्या मॅडम तिला घरी कशाला सोडतील? निरीक्षणगृहातच ठेवलं असतं. आत्तासुद्धा सांगतो, नीट बोला. घर आहे, घरात माणूस आहे, हे त्यांना पटलं पाहिजे."

घर आहे हे पटवायचं आणि घर कुठे आहे हे सांगायचं नाही! आमचं नाव पुकारेपर्यंत मी त्या व्हरांड्यात किती येरझाऱ्या घातल्या देवाला ठाऊक. एका बाईने मला पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

आत मला वाटलं होतं उंच खुर्ची असेल, काळे कोट असतील. साधं टेबल होतं. मधे मॅडम, दोन्ही बाजूंना एक बाई आणि एक गृहस्थ. टेबलावर पाण्याची स्टीलची बाटली. तेजल आत गेल्यापासून त्या बाटलीकडेच बघत होती.

मॅडमचा आवाज चढा नव्हता, पण गोडही नव्हता. "दोन नोटिसा गेल्या. एकदाही आला नाहीत. का?"

"मिळाल्या नाहीत मॅडम. आज सकाळी मिळाली."

"पत्ता बरोबर आहे ना तुमचा? खोली नंबर सात, प्रबुद्ध सोसायटी?"

"हो मॅडम."

"तिथेच राहता?"

"हो."

त्यांनी फाईलमधून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. निळा पत्रा, त्यावर आमची नोटीस, वरून क्रेनचं टोक. "यात खोली नंबर सात कुठे आहे, दाखवा."

काय दाखवू? राजारामभाऊ, बावीस घरं, तीन वर्षं, सगळं डोक्यात घोंघावत होतं. शेजारची बाई काहीतरी लिहून घेत होती.

"मॅडम, म्या फाडला," मागून आवाज आला. आई उठून उभ्या राहिल्या होत्या. "कागद म्या फाडला. मले वाचता येत नाई. बिल्डरचा समजून फाडला. पोरीचा काई गुन्हा नाई, तिच्या मायचा बी नाई. ठेवायचं तं मले ठेवा आत." आणि त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन वर्षांचे फाटके कागद मॅडमच्या फायलींवर पसरले.

हवालदार आवरायला पुढे झाला. मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. एक तुकडा उचलून वाचला, मग दुसरा. "हे सगळे तुम्ही फाडलेत आजी?"

"सगळेच. येकबी सोडला नाई."

टेबलाच्या त्या बाजूचे गृहस्थ तोंडावर हात ठेवून खाली बघायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. "आजींचं म्हणणं मी लिहून घेते. पण नुसत्या बोलण्यावर कसं जायचं? आणि मूळ प्रश्न राहतोच. तेजल, तू त्या मुलीला का मारलंस?"

आता "असंच" म्हणणार आणि संपणार, मला वाटलं. मी तेजलच्या दंडाला धरलं. ती बाटलीवरून नजर काढून आजीकडे वळली. "आजीला बाहेर पाठवा. मग सांगते."

"मी नाई जात," आई म्हणाल्या.

"आजी, प्लीज ना."

"नाई म्हटलं ना!"

तेजलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दोन महिन्यांत ही पोरगी माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. तिने मोबाईल काढला, परवानगी विचारली आणि एक व्हिडिओ लावून मॅडमसमोर धरला. मी वाकून बघितलं. आमचा पत्रा. आई खुर्चीवर चढून एक मोठा कागद ओरबाडतायत, पदर खांद्यावरून घसरलाय, वॉचमनला काहीतरी ओरडतायत. त्यावर हसणारी तोंडं आणि अक्षरं: 'बिल्डिंग गेली, म्हातारी विसरली'.

"गंधालीने लावला होता स्टेटसला," तेजल म्हणाली. "क्लासमधले सगळे बघून हसत होते. तिला माहीत नव्हतं ही माझी आजी आहे. मी डिलीट कर म्हटलं. ती म्हणाली, का, तुझी कोण लागते? मी सांगितलं नाही. मला लाज वाटली सांगायची." तिने बाहीने नाक पुसलं. "मला लाज वाटली, म्हणून मी तिला मारलं."

मी खाली बसले. खुर्ची कुणी पुढे केली तेही कळलं नाही. माझ्या पोरीने दोन महिने बोलणी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही, का, तर आजीला कळू नये. आणि सकाळी मी त्याच आजीला काय काय बोलले होते!

"पाहू," आई म्हणाल्या. तेजलने मोबाईल मागे घेतला, पण त्यांनी तो तिच्या हातातून ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. संपला तसा पुन्हा लावायला लावला.

"कसा टरकन फाडला, पाह्य ना," त्या म्हणाल्या. मग मोबाईल तेजलच्या हातात ठेवला आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "एवढ्यासाठी लेकराचं डोकं फोडलं तू? हसतील तं हसतील! माहे काय दात पडले त्यानं? जाय, माफी माग तिची." आणि तिला पोटाशी धरून त्या स्वतःच रडायला लागल्या.

मॅडमनी दोघींना थोडा वेळ दिला. शेजारच्या बाईंशी हळू आवाजात काही बोलल्या. मग म्हणाल्या, "आजी पत्र्यावरचे कागद फाडतात, हे व्हिडिओत दिसतंय. मुद्दाम गैरहजर राहिलात असं मी धरत नाही. पण तेजल, त्या मुलीच्या कपाळावर टाके पडलेत, ते व्हिडिओने पुसले जात नाहीत. समुपदेशनाला यावं लागेल, अधिकाऱ्यांचा अहवाल येईल, पुढच्या महिन्यात पुन्हा तारीख. आज तुला घरी पाठवायचं का, हे तुझ्या आईवर आहे." त्यांनी एक छापील फॉर्म माझ्याकडे सरकवला. "हमीपत्र. मुलीला तारखेला हजर करीन. इथे पत्ता लिहा. नोटीस ज्या दारावर पोचेल तो."

पेन हातात घेतलं. पर्समध्ये फोन थरथरत होता, राजारामभाऊच असणार. मी आईंकडे बघितलं. खोली त्यांची, मुलगा त्यांचा, तीन वर्षं ऊन खात बसल्या त्या. माझ्या एका ओळीने ते सगळं पाण्यात जाणार असेल तर?

"आई, नाहूरचा लिहू?"

"मले काय इचारते? पोरगी कुठी झोपते आपली?"

"नाहूरला."

"मंग ते लिव."

मी लिहिलं. खोली, मजला, बिल्डिंग, गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणीसुद्धा लिहिली. नवा मोबाईल नंबर दोनदा लिहिला. सही केली तीही वाचता येईल अशी. मॅडमनी वाचून शिक्का मारला. "जा, घेऊन जा हिला," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी व्हरांड्यातच आईंच्या पायाला हात लावला. "सकाळचं मनात ठेवू नका," म्हटलं. "कोणतं सकाळचं?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीत कागद पुन्हा भरायला लागल्या. राजारामभाऊंना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी हमीपत्रावर काय लिहिलं ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "वकिलाला विचारू आपण. आधीच विचारायला हवं होतं." तीन वर्षांनी हे सुचलं!

परत येताना आई म्हणाल्या, पिशवी आजच वकिलाकडे द्यायची आहे ना, मग मुलुंडवरून जाऊ. खरं कारण मला माहीत होतं, दिवसभर ऑफिस बुडालं होतं. रिक्षा पत्र्याशी थांबली. बदामाखाली खुर्ची तशीच, आणि पत्र्यावर नवाकोरा कागद, खळ अजून ओली.

आई उतरल्या आणि सवयीने हात वर गेला. कागदाचं टोक नखाने सुटलंसुद्धा. मग त्या थांबल्या. हात तसाच वर ठेवून मागे वळल्या.

"तेजल," त्यांनी हाक मारली. "इकडं ये. आधी वाच."

पलीकडे वॉचमन होता, रस्त्यावर क्लासला जाणारी दोन-चार पोरं होती. तेजलने त्यांच्याकडे बघितलं. मग पुढे गेली, आजीच्या शेजारी उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. बिल्डरचंच होतं, लिफ्टच्या कंपनीबद्दल काहीतरी. खालच्या सहीपर्यंत तिने सगळं वाचलं.

"आपलं नाव नाई ना कुठी?" आईंनी विचारलं. "पाह्य नीट."

"नाही आजी."

"फाडू मंग?"

"थांब, खुर्ची धरते," तेजल म्हणाली.